९,२०० शब्द म्हणजे नेमके किती?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एका ऑनलाइन चाचणीत तुमचा आकडा ९,२०० आला, दुसरीत १७,५००, आणि न्यू जर्सीत जन्मलेल्या पंधरा वर्षांच्या भाच्याचा त्या दुसऱ्याच चाचणीत २४,०००. खरा आकडा कोणता, आणि मराठी माध्यमात शिकल्यामुळे आपण कायमचे मागे पडलो का, असं तुम्ही विचारलंय. मीही मराठी माध्यमातलीच. सव्वीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं मुलांचा शब्दसंग्रह मोजण्यात घालवली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. 'शब्द' कशाला म्हणायचं यावर ते अवलंबून आहे. मराठीतलं 'करणे' घ्या. करतो, केलं, करून, करताना ही सगळी एकाच शब्दाची रूपं, हे आपण चटकन मान्य करू. पण करवणे? कर्ता? करणी? ते वेगळे धरायचे की त्याच घरातले? इंग्रजीतही हाच पेच आहे. हॅपी, हॅपियर, हॅपिली, हॅपिनेस, अनहॅपी हे पाच शब्द की एक? हे सगळे मिळून एक 'शब्दकुटुंब' धरणारे अभ्यासक आहेत. हॅपी-हॅपियर एक, पण हॅपिनेस वेगळा, असं 'मूळरूपा'च्या हिशोबाने मोजणारेही आहेत. कोणी कोशातली नोंद हेच माप धरतं. माप बदललं की आकडा दुपटीतिपटीने हलतो.

हे किती हलतं ते पाहा. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या मार्क ब्रिसबार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अंदाज मांडला की इंग्रजी मातृभाषा असलेल्या वीस वर्षांच्या सरासरी अमेरिकन माणसाला सुमारे ४२,००० मूळरूपं येतात. त्याच अभ्यासात त्याच माणसाच्या शब्दकुटुंबांचा आकडा आहे ११,१००. माणूस तोच, डोकं तेच, आणि आकडे ४२ हजार व ११ हजार! तुमची पहिली चाचणी कुटुंबं मोजणारी असेल, तर ९,२०० हा आकडा त्या ११,१०० च्या शेजारी ठेवून बघायचा, भाच्याच्या २४,००० च्या शेजारी नव्हे. त्या अभ्यासातलं आणखी एक सांगण्यासारखं आहे. वीस वर्षांच्या अमेरिकनांमध्येही तळाचे पाच टक्के २७,००० मूळरूपांपाशी आणि वरचे पाच टक्के ५२,००० पाशी. म्हणजे मातृभाषकांमध्ये आपापसातच जवळजवळ दुपटीचा फरक. 'नेटिव्ह' नावाची एक सपाट उंची कुठेही नाही.

आता मोजतात कसं. सगळे शब्द कोणी विचारू शकत नाही, त्यामुळे नमुना घ्यावा लागतो, आणि तिथेच मोठमोठे अभ्यासक फसले आहेत. १९४० साली सीशोर आणि एकरसन या अमेरिकन अभ्यासकांनी जाडजूड शब्दकोशातून पानावरच्या ठरावीक जागेचा शब्द उचलायचा, या पद्धतीने चाचणी केली. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दीड लाखाहून अधिक शब्द येतात असा निष्कर्ष निघाला. चूक कुठे झाली? मराठी कोश उघडून 'लागणे' काढा. थंडी लागणे, नाद लागणे, नोकरी लागणे, वाटेला लागणे करत करत ती नोंद केवढी पसरते. दुर्मीळ शब्द मात्र एका ओळीत संपतो. पानावरची जागा धरून बोट ठेवलंत तर ते मोठ्या, म्हणजे नेहमीच्या नोंदीवर पडण्याची शक्यता जास्त. नेहमीचे शब्द सगळ्यांनाच येतात, म्हणून टक्केवारी फुगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने हा दोष १९२४ मध्येच दाखवला होता, तरी पुढची कित्येक वर्षं तो होत राहिला. १९९० साली गुल्डन, नेशन आणि रीड यांनी नमुना नीट घेऊन मोजलं, तेव्हा इंग्रजी मातृभाषा असलेल्या पदवीधरांचा आकडा १७,००० मूळ शब्दांच्या आसपास आला.

त्यातले पॉल नेशन हे न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले. २००७ साली त्यांनी आणि बेगलर यांनी प्रसिद्ध केलेली चाचणी मी सर्वाधिक वापरली. सर्वांत जास्त वापरातले हजार शब्द, मग दुसरे हजार, असे चौदा थर, प्रत्येक थरातून दहा प्रश्न. एकूण १४० प्रश्न, चार-चार पर्याय, आणि बरोबर उत्तरांना शंभराने गुणायचं. पहिला प्रश्न 'सी' या क्रियापदाचा आहे आणि शेवटी शेवटी असे शब्द येतात की मीही थांबून विचार करते. चाचणी चांगली आहे, पण तिचं गणित समजून घ्या. समजा तुम्हाला खरोखर ६० शब्द माहीत आहेत. उरलेल्या ८० वर डोळे मिटून खूण केलीत तरी चारांत एक या हिशोबाने २० बरोबर येतील. आकडा येईल ८,०००, खरा आहे ६,०००. आणि एक प्रश्न म्हणजे शंभर शब्द, त्यामुळे ९,२०० आणि ८,९०० यांत फरक फक्त तीन प्रश्नांचा. त्यावर कोणी खूशही होऊ नये आणि खट्टूही.

दुसरा प्रकार म्हणजे यादीतल्या माहीत असलेल्या शब्दांपुढे नुसती खूण करायची. तुमची १७,५०० वाली चाचणी वर्णनावरून तशीच वाटते. इथे प्रश्न प्रामाणिकपणाचा नसून 'माहीत' या शब्दाचा आहे. मराठीत आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, तोंडओळख. शब्द कुठेतरी पाहिलाय, चेहरा ओळखीचा आहे, पण अर्थ विचारला तर चाचपडायला होतं. तो माहीत धरायचा का? पुढे वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठात गेलेल्या पॉल मीरा यांनी १९८०च्या दशकात यावर साधा उपाय केला. खऱ्या शब्दांत बनावट शब्द मिसळायचे, कानाला इंग्रजी वाटतील पण अस्तित्वातच नसतील असे. बनावटांवर जितक्या खुणा पडतील तितकी कपात.

वर्गात मी हे केलं तो दिवस माझ्या लक्षात आहे. साठ शब्दांपैकी वीस बनावट होते, त्यात एक 'मेन्सिबल'. पुढच्या बाकावरच्या एका हुशार मुलाने बावन्न खुणा केल्या आणि त्यात मेन्सिबलही होता. 'मॅडम, सेन्सिबलसारखाच आहे की,' म्हणाला. मागे बसणाऱ्या एका मुलीने सव्वीसच खुणा केल्या. मी तिला विचारलं, हा शब्द तुला येत नाही? कालच्या धड्यात होता. ती म्हणाली, 'येतो, पण वाक्यात वापरता येईल की नाही खात्री नाही, म्हणून सोडला.' बनावट शब्दांवर तिची एकही खूण नव्हती. नुसत्या खुणा मोजल्या असत्या तर तो मुलगा तिच्या दुप्पट ठरला असता. प्रत्यक्षात त्याच्या ३८ खऱ्या शब्दांसोबत १४ बनावट होते, तिचे सव्वीसच्या सव्वीस खरे. तिने किती राखून ठेवले ते कोणत्याच चाचणीला कळलं नाही. शब्द ओळखणं आणि शब्द वापरणं यांची मापं वेगळी, आणि आपल्याकडची काळजीपूर्वक शिकलेली मुलं, विशेषतः मुली, पहिल्या मोजणीला दुसऱ्याचं माप लावून स्वतःला कमी गुण देतात. तुमचंही तसं झालं असेल का, हे एकदा तपासा.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, तुम्ही आणि भाचा. तुमच्यातला फरक नुसता संख्येचा नाही, आकाराचा आहे. इंग्रजी त्याच्यात स्वयंपाकघरातून, अंगणातून, आजारपणातल्या लाडातून आली. तुमच्यात ती पाचवीच्या पुस्तकातून आली, मग विज्ञान, मग ऑफिस. त्यामुळे 'फोटोसिंथेसिस', 'आर्बिट्रेशन', 'डेप्रिसिएशन' तुम्हाला झोपेतही सांगता येतील. पण 'थिंबल' म्हणजे शिवताना बोटात घालायचं टोपण, हे? पास्त्यातलं पाणी निथळवायच्या भांड्याला 'कोलंडर' म्हणतात, हे? मला ते पन्नाशीत कळलं, मुलीकडे गेले तेव्हा. घरात रोळी होती, तिला इंग्रजी नाव लागतं हे कधी मनात आलंच नव्हतं. कॅनडातल्या एलेन बायलिस्टॉक आणि सहकाऱ्यांना २०१० मध्ये लहान मुलांत हेच दिसलं. दोन भाषा बोलणारी मुलं इंग्रजी शब्दांत मागे दिसतात ती मुख्यतः घरगुती शब्दांत. शाळेच्या शब्दांत ती एकभाषिक मुलांच्या बरोबरीची असतात.

थरांच्या चाचण्या असं गृहीत धरतात की सातव्या हजारातला शब्द येतो म्हणजे पाचव्या हजारातले येतातच. मातृभाषकांसाठी हे बऱ्यापैकी खरं आहे. आपल्या बाबतीत मधे भोकं असतात आणि वरचे मजले भरलेले असतात. शिवाय आपल्या बोलण्यातल्या इंग्रजी शब्दांनी आणखी गोंधळ होतो. 'कंपास' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पत्र्याची पेटी येते, इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दिशा दाखवणारी सुई. 'कॉपी केली' म्हणजे आपल्याकडे परीक्षेतली चोरी. अशा शब्दांपुढे आपण बिनधास्त माहीत म्हणून खूण करतो आणि नेमके तिथे चुकतो. उलट 'मुंगूस' हा आपलाच शब्द इंग्रजीत 'मॉन्गूस' झाला, तो तुम्हाला कोणी न शिकवता आला. आणि भाच्याच्या २४,००० मध्ये उंबरठा, माजघर, वरवंटा, हुरडा यांतला एकही नाही. तुमच्या डोक्यात दोन भाषांचे शब्द आहेत आणि चाचणी त्यातली एकच तपासते. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, मोजणीतली ती खरीच त्रुटी आहे.

मग मागे पडलो का, याचं उत्तर कशावरून काढायचं? तुम्हाला काय वाचायचंय त्यावरून. नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनासायास वाचायला मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात. ऐकून समजायला ६,००० ते ७,०००. म्हणजे तुमचे ९,२०० कुटुंबांचे असतील आणि अंदाजाने मारलेल्या खुणा त्यात फार नसतील, तर तुम्ही त्या उंबरठ्याच्या आत आहात. ९५ टक्के शब्द ओळखीचे असणं आणि ९८ टक्के असणं यांतला फरक कागदावर किरकोळ वाटतो. तीनशे शब्दांच्या पानावर मात्र पंधरा शब्द अडणं आणि सहा अडणं यांत वाचनाचा आनंद राहतो की जातो, एवढा फरक पडतो.

वय हातातून गेलं असंही मानू नका. ब्रिसबार्ट यांच्या त्याच अभ्यासात वीस ते साठ या वयात मातृभाषक माणूस आणखी सुमारे ६,००० मूळरूपं शिकतो असं आहे, म्हणजे साधारण दोन दिवसांत एक. तेवढं वाचत्या माणसाकडून आपोआप होतं. शब्दांच्या याद्या पाठ करून आकडा वाढवण्याच्या मागे लागू नका, नुसत्या याद्यांमधून आलेले शब्द बरेचदा तोंडओळखीवरच थांबतात.

आता करायचं एवढंच. तुम्हाला खरोखर वाचावंसं वाटतं अशा इंग्रजी पुस्तकातलं मधलंच कोणतंही पान उघडा, तीनशे शब्द मोजा आणि पेन्सिल घेऊन वाचा. अडलेल्या शब्दाखाली रेघ, नुसत्या तोंडओळखीच्या शब्दाखाली ठिपका. अशी तीन वेगवेगळी पानं करा. पुस्तक कोणत्या प्रकारचं होतं, रेघा किती आणि ठिपके किती, ते इथे कळवा. ठिपके जास्त निघाले तर वाचनाची निवड कशी करायची ते मी त्याप्रमाणे सांगेन.