याबेसची लेखक-घराणी

प्रश्न : बायबलमधील ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी याबेस येथे राहणाऱ्या लेखकांच्या घराण्यांचा उल्लेख आहे. आपल्याकडे चिटणिशी जशी घराण्यात चालत असे, तसेच प्राचीन इस्राएलातही होते काय? घराण्यांबाहेरच्या लोकांना लिहिता-वाचता येत नसे काय?
— एक वाचक, रेवदंडा

उत्तर : या वचनात तिराथी, शिमाथी आणि सुकाथी अशी तीन घराणी सांगितली असून ती केनी लोकांपैकी होती, एवढेच कळते. मात्र त्याच पुस्तकाचा चौथा अध्याय सोबत वाचावा. तेथे तागाचे तलम कापड विणणाऱ्यांची घराणी आणि राजाच्या चाकरीतले कुंभार यांचीही नोंद आहे. वंशावळी लिहिणाऱ्याच्या लेखी लेखन हीदेखील बापाने मुलाला हाताखाली घेऊन शिकवण्याची कारागिरी होती, असे मला यावरून वाटते.

दरबारी घराण्याचे सर्वांत ठळक उदाहरण शाफानाचे आहे. यहूदाचा राजा योशीया याच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२च्या सुमारास, मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ राजाला वाचून दाखवणारा चिटणीस तो हाच. त्याचा मुलगा गमऱ्या याच्या मंदिरातील खोलीत यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक बारूख याने यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी लोकांना वाचून दाखवली. नातू मीखायाने ती वार्ता राजवाड्यात पोहोचवली. आणि यहोयाकीम राजा लेखकाच्याच चाकूने त्या गुंडाळीचे तुकडे करून शेगडीत टाकू लागला, तेव्हा ‘ती जाळू नका’ अशी विनवणी करणाऱ्यांत गमऱ्या होता. पुढे बाबेलच्या राजाने यहूदावर अधिकारी नेमला तो गदल्या, अहीकामाचा मुलगा आणि शाफानाचा नातू. राजापुराहून शिवाजी महाराजांच्या सेवेत आलेले बाळाजी आवजी १६८१मध्ये मारले गेले, तरी त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांच्याकडे चिटणिशी राहिली, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शाफानाच्या घराण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

या घराण्याची खूण जमिनीतूनही मिळाली असावी. जेरुसलेमच्या दावीदनगरात यिगाल शिलोह यांच्या उत्खननात १९८२मध्ये कागदपत्रांवर लावलेल्या मातीच्या ५१ मुद्रा एकत्र मिळाल्या, त्यांतील एकीवर ‘गमऱ्याहू बिन शाफान’ असे नाव आहे. इ.स.पू. ५८६मध्ये बाबेलच्या सैन्याने जेरुसलेम जाळले, त्या आगीत कागदपत्रे जळाली, पण त्यांवरची माती भाजून टिकली. मुद्रेवर हुद्दा कोरलेला नसल्याने शंकेला थोडी जागा उरते. तरीही बारूखाच्या नावाने बाजारात आलेल्या आणि बनावट असल्याचा संशय असलेल्या मुद्रांपेक्षा हा पुरावा कितीतरी भरवशाचा आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘येत असे’ असेच द्यावे लागेल. यहूदातील लाखीश या तटबंदीच्या नगरात खापरांवर लिहिलेल्या पत्रांपैकी एकात होशायाहू नावाचा लष्करी अधिकारी आपल्या वरिष्ठाला दुखावलेल्या मनाने कळवतो की, मला पत्र वाचून दाखवण्याची वेळ आजवर कोणावरही आलेली नाही. यहूदाच्या दक्षिणेकडील अराद किल्ल्यातील इ.स.पू. ६००च्या सुमाराच्या खापरांचे संगणकाद्वारे परीक्षण करून तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी २०१६मध्ये असे दाखवले की, त्यांत किमान ६ वेगवेगळे हात आहेत. तेथे पीठ, द्राक्षारस आणि तेल यांच्या वाटपाचे हुकूम लिहिले व वाचले जात. त्यासाठी याबेसच्या घराण्यात जन्म घेण्याची गरज नव्हती. शाफानाच्या घराण्याजवळ जास्तीचे होते ते राजाच्या कानापर्यंतचा मार्ग आणि मंदिरातील ती खोली.