खोकला घरचाच झालाय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. देवासकडच्या खेड्यात त्यांनी वीस-बावीस वर्षं चुलीवरच स्वयंपाक केला. थंडी पडली की खोकला सुरू होतो तो होळीपर्यंत जात नाही, सकाळी उठल्या उठल्या कफ पडतो. यंदा राजवाड्याला खरेदीला गेलो तर त्यांना दोनदा दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, सांगितलं आणि पंप (इनहेलर) दिला. पण त्यांनी बिडीला कधी हात लावला नाही, घरातही कोणी ओढत नाही, मग हे आलं कुठून? शिवाय पंपाची सवय लागते म्हणून त्या तो घेतच नाहीत.
– एक सून, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, बिडी ओढली नाही हे खरं, पण धूर ओढलाय की! गोवऱ्या, ओली लाकडं, बंद स्वयंपाकघर, फुंकणी तोंडाला लावून चुलीत वाकलेलं डोकं, आणि हे दिवसातनं दोन-तीन वेळा वीस वर्षं. आपल्याकडच्या बायकांमध्ये सीओपीडीचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, फक्त "हा सिगारेटवाल्यांचा आजार" असं डोक्यात बसल्यामुळे बायकांना वर्षानुवर्षं नुसत्या सिरपच्या बाटल्या मिळत राहतात, आणि हो, यात आम्हा डॉक्टरांचीही चूक आहे.

आत होतं काय ते सांगतो. श्वासनळीच्या अस्तरावर अगदी बारीक केस असतात, ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि धूळ-जंतू चिकटलेला चिकट द्रव वर घशाकडे ढकलत राहतात. आपल्या इंदुरात सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते ना, तसंच समजा. धुरानं हे केस आधी मंदावतात मग झडतात, आणि दुसरीकडे चिकट द्रव बनवणाऱ्या ग्रंथी फुगून दुप्पट काम करायला लागतात, म्हणजे गाडी बंद आणि कचरा जास्त. मग तो बाहेर काढायला शरीराकडे एकच उपाय उरतो, खोकला. वर्षातले निदान तीन महिने बहुतेक दिवस कफासकट खोकला, असं लागोपाठ दोन वर्षं झालं आणि टीबीसारखं दुसरं कारण निघालं नाही तर त्याला क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणतात. सासूबाईंचं "थंडी ते होळी" त्यात चपखल बसतंय.

पुढे नळ्या सुजून अरुंद होतात, आणि टोकाला जे हवेचे इवलेसे फुगे असतात त्यांच्या भिंती फाटून मोठ्या ढिल्या पिशव्या होतात. हवा आत जाते पण बाहेर पूर्ण निघत नाही, जुनी अडकलेली हवा छातीत तशीच भरलेली, मग नवीन घ्यायला जागा कुठली! पायरीवर बसावं लागतं ते म्हणून. धाप लागते म्हणून माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की पायांचे स्नायू गळतात, आणि मग अजून लवकर धाप लागते, या फेऱ्यात लोक वर्षभरात घरातच बसून जातात. खूप वाढलं तर रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, पायांवर सूज दिसते.

एक्सरे काढला असेलच, पण त्यावर सुरुवातीचा सीओपीडी दिसेलच असं नाही. खरी टेस्ट म्हणजे फुंकायची, स्पायरोमेट्री. आधी पंपाचं औषध देऊन मग जोरात फुंकायला लावतात, आणि एकूण बाहेर टाकलेल्या हवेतली ७० टक्क्यांपेक्षा कमी पहिल्या सेकंदात निघाली तर नळ्या अडल्यात. झाली नसेल तर करून घ्या.

आता पंप. सवय वगैरे काही लागत नाही. चष्मा रोज लावतो म्हणून चष्म्याची सवय लागली म्हणतो का आपण? पंपातलं औषध थेट नळीत जातं म्हणून डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीत तो मिलिग्रॅममध्ये. स्टेरॉइडवाला पंप असेल तर घेतल्यावर गुळण्या करायच्या, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. दाबून औषध सोडायचा पंप असेल आणि हाताला जमत नसेल तर पुढे स्पेसर लावा, प्लास्टिकची नळी असते, फार महाग नाही. माझ्याकडे "पंपानं काही होत नाही" म्हणून जे येतात त्यांना समोर घ्यायला लावलं की अर्ध्यांचं औषध जिभेवरच बसलेलं असतं.

चुलीऐवजी गॅस आला म्हणून झालेलं नुकसान भरून निघत नाही, पण पुढचं थांबतं. देवघरातला धूप आणि रात्रीची मच्छर कॉइल पण बंद करा, तोही धूरच. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. रोज थोडं चालायचं, थांबत थांबत का होईना, आणि श्वास सोडताना ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून हळू सोडायचा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, मात्र टीव्हीवर, तो गुलालाचा ढग त्यांच्या छातीला झेपणार नाही. कफ अचानक वाढला, हिरवा-पिवळा झाला किंवा बसल्या जागी धाप लागली तर घरी वाफ घेत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, इंदूरच्या एका कापड मिलमध्ये कताई खात्यात २२ वर्षं होते. सांगतात की तेव्हा सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, मग आठवडाभर ठीक. आता कायम खोकला आणि दम. बिडी अजून चालूच आहे.
– एक वाचक, परदेशीपुरा

उत्तर : तुमच्या वडिलांनी नकळत अर्धं निदान सांगितलंय. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही कापसाच्या धुळीच्या आजाराची, बिसिनोसिसची खूण. सुरुवातीला फक्त पहिला दिवस, मग दोन-तीन दिवस, मग रोज, आणि बरीच वर्षं गेली की कायमचा ब्राँकायटिस. हुकुमचंद मिल बंद पडली १९९१ मध्ये, बाकीच्याही गेल्या, भोंगे थांबले, पण तिथली धूळ छातीत घेऊन फिरणारी म्हातारी माणसं अजून आपल्या गल्ल्यांत आहेत. आपल्या प्रदेशात हे नवीन नाही, मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे कामगार आणि झाबुआ-अलीराजपूरकडून गोध्र्याला दगड दळायच्या कारखान्यांत गेलेले आदिवासी सिलिकोसिसनं, म्हणजे दगडाच्या धुळीच्या आजारानं, दगावले. भोपाळला १९८४ च्या वायुगळतीच्या रात्री जे वाचले त्यांच्यापैकी कितीतरी जणांची फुप्फुसं कायमची अधू झाली. तेव्हा डॉक्टरांकडे गेलात की वय आणि खोकल्याबरोबर कामाचं ठिकाण आणि वर्षंही सांगा, आमच्यापैकी पुष्कळ जण विचारायचं विसरतात.

बिडीचं म्हणाल तर ७४ व्या वर्षी सोडूनही फायदा आहे. गेलेली ताकद परत येत नाही, पण दरवर्षी जी घसरण होते ती मंदावते. रागावून सुटणार नाही, निकोटीनच्या गोळ्या, पॅच यांची मदत घ्या. आणि घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर स्वतःच्या मनानं वाढवू नका, अशा पेशंटला बोटावरच्या मशीनवर रक्तातला ऑक्सिजन साधारण ८८ ते ९२ टक्के दिसला तरी पुरतो, जास्त दिल्यानं गुंगी येऊ शकते.

प्रश्न : मी ३१ चा, सर्दीनंतर दहा दिवस खोकला आहे, डॉक्टर ब्राँकायटिस म्हणाले. आता जन्मभराचं झालं का? मेडिकलवाल्यानं अँटिबायोटिक दिलंय, घेऊ?
– विजयनगर

उत्तर : नाही हो, हा अ‍ॅक्यूट, म्हणजे तात्पुरता ब्राँकायटिस, नाव तेवढं सारखं. बहुतेक वेळा व्हायरसचा असतो आणि व्हायरसवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, ती स्ट्रिप मेडिकलवाल्याला परत करा. सर्दी गेली तरी खोकला तीनेक आठवडे रेंगाळू शकतो. मात्र दोन आठवड्यांवर गेला की थुंकीची टीबीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. ताप उतरत नसेल, थुंकीत रक्त दिसलं किंवा श्वास घेताना दुखलं तर तेवढंही थांबू नका.