‘कॉपी’ऐवजी काय लिहू?

भावा, शब्द ढीगभर आहेत, सगळे पाठ करत बसू नकोस. आधी बघ: कागद, वस्तू की माणूस?

- कागदाची प्रत. जमिनीचा मात्र उताराच. सातबाऱ्याची ‘प्रतिकृती’ मागितलीस तर तलाठी हसेल.
- वास्तूची प्रतिकृती, जशी कोल्हापूरच्या भवानी मंडपाची. खोट्या कोल्हापुरी चपलेला सरळ नकली म्हण.
- माणसाची नक्कल केली की थट्टा आली, अनुकरणात आदर. नवखे इथंच घसरतात. शाहू महाराजांनी १९०२ साली राखीव जागा दिल्या, त्याचं पुढं अनुकरण झालं. तिथं ‘नक्कल’ लिहून बघ, कोल्हापूरच्या गंगावेशीत फिरणं मुश्कील होईल! चांगल्याचा कित्ता गिरवतात; री ओढतात ती विचार न करता.

निकालाची नक्कल कोर्टात मिळते, तिथं थट्टा नाही. वाङ्मयचौर्य वगैरे जड शब्द सध्या राहू देत.