हर्मन कासवाची दोन पिल्लं आणतोय, घरात त्यांची पेटी कशी लावू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: इंग्लंडात राहता, मागे छोटीशी बाग आहे, लेकीच्या वाढदिवसाला हर्मन जातीची दोन पिल्लं घ्यायची ठरलंय. दुकानदाराने काचेची टाकी, त्यात बसणारा एक दिवा आणि लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांची पिशवी असा संच बाजूला काढून ठेवलाय. तो घ्यावा का?

घेऊ नका. आणि पिल्लंही दोन घेऊ नका. दोन्ही चुका मी सहा वर्षांपूर्वी केल्यात. एका चुकीची खूण माझ्या ढब्बू कासवाच्या पाठीवर कायमची आहे.

आधी ती पाठ सांगते. मी मूळची चिपळूणची. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते अशा घरात वाढले. तरी कासव म्हटल्यावर डोळ्यांपुढे तापलेला माळ, कोरडी माती आणि ऊनच यायचं. दुकानदारानेही तेच सांगितलं: कोरडं ठेवा, ओल झाली की आजारी पडतात. मी इमानदारीने कोरडं ठेवलं. आठ-नऊ महिन्यांनी ढब्बूच्या कवचावरची प्रत्येक चौकट मधोमध उचलली जायला लागली, एखाद्या फणसाच्या सालीसारखी. याला पिरॅमिडिंग म्हणतात. एकदा आलेलं टेंगूळ जात नाही. पुढची वाढ सपाट करता येते, एवढंच.

पूर्वी याचं खापर प्रथिनांवर फोडायचे. २००३ साली व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातला एक अभ्यास छापून आला. त्यांनी आफ्रिकन सुल्काटा कासवाची नुकतीच अंड्यातून निघालेली पन्नास पिल्लं गट पाडून पाच महिने वाढवली, कुणाला हवा कोरडी, कुणाला दमट, कुणाला प्रथिनं कमी, कुणाला जास्त. टेंगळांवर खरा परिणाम हवेतल्या दमटपणाचा दिसला, प्रथिनांचा किरकोळ. जात वेगळी असली तरी हर्मन पाळणाऱ्यांचा अनुभव त्याच दिशेचा आहे. विचार केला तर सरळच आहे. भूमध्य समुद्राकाठची ही पिल्लं उन्हाळा सरताना, पावसाने जमीन मऊ पडली की वर येतात आणि पहिली काही वर्षं गवताच्या मुळांशी, पाल्याखाली, ओलसर मातीत दडून काढतात. उन्हात चालताना आपल्याला दिसतं ते मोठं कासव. आपण मोठ्याचं घर बघतो आणि तेच पिल्लाला देतो.

म्हणून पेटी लावताना दिव्यापेक्षा आधी मातीचा विचार करा.

पेटी म्हणजे काय, तर मी जुनं पुस्तकांचं कपाट उताणं पाडलं, मधल्या फळ्या काढल्या आणि आतून बागेतल्या तळ्याला अंथरतात ते जाड काळं रबरी कापड लावलं, कडा वरपर्यंत घेऊन. लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ६०. चार सेंटिमीटरच्या जिवाला हे मैदान वाटेल, पण वर्ष-दीड वर्षात लहान पडायला लागतं. भिंती आरपार दिसणाऱ्या नकोत. कासवाला काच हा अडथळा समजत नाही, दिवसभर तिच्यावर डोकं आपटत, पाय घासत राहतं. टाकी घेऊन झाली असेल तर खालच्या अर्ध्या भागाला बाहेरून कागद चिकटवा.

माती खतं न घातलेली साधी बागेची घ्या. त्यात पांढरे हलके पर्लाइटचे दाणे नाहीत ना, हे पिशवी फोडून बघा, कारण पिल्लं ते खातात. निम्मी माती, निम्मा नारळाच्या काथ्याचा भुसा. इथे तो विटेसारखा दाबून विकतात, पाण्यात टाकला की फुगतो. (कोकणातल्या माणसाने पौंड मोजून नारळाचा भुसा घ्यायचा, हे अजून जिवाला लागतं.) थर कमीत कमी दहा सेंटिमीटर हवा, कारण पिल्लू त्यात स्वतःला पुरून घेतं. पाणी वरून शिंपडत बसू नका. कोपऱ्यात तांब्याने ओता, म्हणजे ते तळाशी जाऊन पसरतं, खालचा थर ओला राहतो आणि वरचा जवळजवळ कोरडा. वरचाच चिखल झाला तर पोटाकडचं कवच कुजायला लागतं. अंदाज हाताचा: बोटं खुपसून खालची माती मुठीत घेतली की लाडवासारखी वळली पाहिजे, पाणी सुटता कामा नये. दमटपणा मोजायचं छोटं यंत्र मातीच्या पातळीवर ठेवा. ७० ते ८० टक्के दिसलं की बरं. उघड्या पेटीत एवढा टिकत नाही, म्हणून मी दिव्याकडची बाजू मोकळी ठेवून उरलेल्या निम्म्या भागावर पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा टाकते.

लाकडाच्या गोळ्या, निव्वळ वाळू, सीडर-पाइनचा भुसा, यातलं काही नको.

आता ऊब. कासव ऊन खातं ते पाठीवर, म्हणून उष्णता वरूनच यायला हवी. खाली ठेवायच्या गरम चटया आणि गरम दगड सरळ नाकारा, त्यांनी पोट भाजतं. पेटीच्या एका टोकाला रुंद झोताचा हॅलोजन दिवा लावा. अरुंद झोताचा दिवा कवचाचा एकच ठिपका तापवून वाळवतो. त्याखाली एक सपाट पाटीचा दगड ठेवा आणि कासवाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश तापमान येईल एवढ्या उंचीवर दिवा टांगा. दुसऱ्या टोकाला २० ते २२. हा फरक महत्त्वाचा, कारण अंगातली उष्णता कासव जागा बदलून सांभाळतं. सगळीकडे सारखंच २८ करून ठेवलं तर त्याला जायला जागाच नाही. रात्री सगळे दिवे बंद. घर १५-१६ अंशांच्या खाली जात नसेल तर रात्री काही लागत नाही. गार पडणारी खोली असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिकचा हीटर थर्मोस्टॅटवर लावा, कारण ओल आणि गारठा एकत्र आले की नाकातून बुडबुडे यायला लागतात. दुकानदाराचं ‘ओल झाली की आजारी पडतात’ हे त्यापुरतं खरं होतं.

दिव्याबद्दल एक भीती घालतेच. दिवा पेटीला अडकवायच्या चिमट्यावर भरवसा ठेवू नका. माझा चिमटा एका दुपारी सुटला, दिवा मातीत पडला आणि काथ्याचा धूर वर येईपर्यंत मी शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते. तेव्हापासून दिवा साखळीला टांगलेला असतो आणि होल्डर चिनीमातीचा.

यूव्हीबी, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, हा वेगळा विषय. ते नसतील तर अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम पचत नाही, आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून प्रकाश येतो, ऊब येते, हे किरण मात्र जवळजवळ येतच नाहीत. म्हणून ‘आमच्या खिडकीत छान ऊन असतं’ याचा उपयोग नाही, उलट खिडकीतली टाकी भट्टी होते. गोल बल्बच्या आकाराचे यूव्ही दिवे टाळा आणि लांब, बारीक टी५ ट्यूब घ्या, १० किंवा १२ टक्के यूव्हीबीची. मातीपासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा प्लास्टिक न येता. नेमकं अंतर ट्यूबच्या खोक्यावर छापलेलं असतं, तेच धरा. ट्यूब दिसायला जळत राहते पण किरण ओसरतात, म्हणून वर्षाने बदला. मी तारीख पेन्सिलीने तिच्या पट्टीवर लिहून ठेवते. दिवस बारा तासांचा, टायमरवर.

बाकी सामान थोडंच. लपायला दोन जागा, एक गार बाजूला, एक मध्ये. फुटकी कुंडी आडवी पुरली तरी चालते. गार बाजूच्या जागेत ओलं स्फॅग्नम शेवाळ भरा, ढब्बू त्यातच झोपायचा. पाण्याला मातीच्या कुंडीखालची बशी, मातीच्या पातळीत बसवलेली, हनुवटीपर्यंत पाणी येईल एवढी उथळ. चढायला उंच दगड रचू नका. पिल्लू उलटं पडलं आणि तेही दिव्याखाली, तर संध्याकाळपर्यंत संपतं. दोन-तीन झाडं लावा, जास्वंदाचं रोप किंवा स्पायडर प्लँट. खातील, तुडवतील, पुन्हा लावा.

रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं. पाणी वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत. आमच्याकडे त्याला एक जुनी प्लास्टिकची वाटी आहे, स्वयंपाकघरात तिला प्रवेश नाही. बसवल्यावर आधी काहीच होत नाही. मग मान लांब होते, तोंड पाण्यात जातं आणि गळ्याखालची कातडी लयीत वरखाली व्हायला लागते. मग शू, आणि तिच्याबरोबर चुन्याच्या निवळीसारखं पांढरं काहीतरी. ते मऊ असेल तर ठीक. वाळूसारखं खरखरीत लागलं तर पाणी कमी पडतंय. हे बघण्याची मला इतकी सवय झाली आहे की चहा तिथेच बसून पिते.

संतांनी लिहून ठेवलंय, कासवी नुसत्या दृष्टीने पिल्लांना पोसते. खरी कासवी खड्ड्यात अंडी पुरते आणि परत वळून बघतसुद्धा नाही. नजर ठेवायचं काम आपल्याकडेच येतं. त्यासाठी स्वयंपाकाचा नव्हे असा एक ग्रॅमचा काटा घ्या आणि दर रविवारी वजन वहीत लिहा.

या वहीनेच मला दुसरी चूक दाखवली. ढब्बू आणि चिंगी एकाच पेटीत होते, दोघंही पंधरा-सोळा ग्रॅमचे आले. ढब्बू सतत चिंगीच्या अंगावर चढून बसायचा, तिच्याच बिळात शिरायचा. आम्ही फोटो काढायचो, किती माया म्हणून. नवव्या आठवड्यात ढब्बू ३१ ग्रॅम, चिंगी १९. चिंगी दिव्याखाली यायचीच बंद झाली होती. कासवांची दादागिरी अशीच असते, आवाज नाही, भांडण नाही. एक जण ऊन आणि अन्न अडवून बसतो आणि दुसरा झिजतो. दुसरी पेटी केली आणि महिन्याभरात चिंगी वाढीला लागली. दोघांची जोडी ही कासवांना वाईटच. त्यांना एकटेपणा जाणवत नाही, जाणवतो तो आपल्याला. (नर-मादी म्हणून ही नावं ठेवली नव्हती, बरं का. पिल्लात ते ओळखूच येत नाही, काही वर्षं जावी लागतात.)

खायला रानपाला: डँडेलियन, क्लोव्हर, मॅलो, आणि इथे प्लँटेन म्हणतात ते रुंद पानांचं तण, केळं नव्हे. जास्वंदाची पानं-फुलं आणि काटे काढलेला फड्या निवडुंग मिळाला तर चैन. फवारा मारलेल्या लॉनवरचं काही तोडू नका. फळं नकोत, पालक नको, पोळीचा तुकडा तर नकोच, आजी आल्या की हे त्यांना विशेष सांगावं लागतं. आठवड्यातून दोन-तीनदा पानांवर कॅल्शियमची चिमूट, आणि पेटीत समुद्रफेसाचा एक तुकडा. हो, किनाऱ्यावर सापडतो तोच. इथे तो पक्ष्यांच्या खाऊच्या फळीवर मिळतो.

लेक लहान आहे म्हणून सांगते: कासवांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, हात लावला की साबणाने धुवायचे, पापा घ्यायचा नाही. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळायला विकायला बंदी आहे.

कागद विसरू नका. हर्मन संरक्षित जात आहे, विक्रेत्याने पिल्लाबरोबर आर्टिकल १० चं प्रमाणपत्र, म्हणजे ते विकायची कायदेशीर परवानगी, द्यायलाच हवं. नसेल तर उठून या. आणि गावाकडे कुणी ‘आमच्याकडे पाठीवर चांदण्या असलेलं मिळतं, घेऊन जा’ म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका. स्टार कासव पाळणं भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे.

ही पेटी म्हणजे थंडीची आणि पावसाळी दिवसांची सोय. मे ते सप्टेंबर, ऊन पडलं की पिल्लाला बागेत न्या, वर जाळी लावलेल्या चौकटीत, निम्मी सावली ठेवून. जाळी मॅगपाय पक्ष्यांसाठी. शीतनिद्रेचं यंदा मनावर घेऊ नका, आधी सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा. इथे लोक कासवांना थंडीत वेगळ्या फ्रिजमध्ये पाच अंशांवर झोपवतात, हे ऐकून माझ्या आईने फोनच ठेवला होता.

पिल्लू आणण्याआधी पेटी आठवडाभर रिकामी चालवून बघा. सकाळ-रात्र दोन्ही टोकांची तापमानं लिहा आणि आकडे इथे टाका, दिवा वर घ्यायचा की खाली ते सांगते.