कृषी सेवा केंद्रासाठी बिलिंग सॉफ्टवेअर घेण्याआधी काय तपासावं?

भाऊ, चोपड्याला तुमचं कृषी सेवा केंद्र आहे, सॉफ्टवेअरचा डेमो आवडलाय आणि विकणारा म्हणतोय की आजच पैसे भरले तर सवलत मिळेल. आज भरू नका. पारोळ्याला माझं असंच दुकान आहे. डेमो बघून मी एकदा घेतलं आणि पस्तावलो.

डेमोत माल त्यांचा, गिऱ्हाइकं त्यांची, म्हणून सगळं झटक्यात होतं. तुम्ही मागच्या जूनमधल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसाची बिलं काढा आणि काउंटरवर बसणाऱ्या पोराला ती ट्रायलमध्ये टाकायला लावा. एकाच बिलात कपाशीचं बियाणं, डीएपीची गोणी आणि फवारणीचं औषध घ्या. बियाण्याला जीएसटी नाही, खताला ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकाला १८ टक्के. निम्मे पैसे रोख, निम्मे उधार. मग त्यातलं एक पाकीट परत घ्या.

लॉट नंबर, म्हणजे बियाण्याच्या पाकिटावर छापलेला त्या खेपेचा नंबर, नीट बघा. एकाच वाणाचे दोन लॉट दुकानात असले तर कुठला दिला ते निवडता आलं पाहिजे. माझं जुनं सॉफ्टवेअर आपोआप पहिलाच लॉट छापायचं. एका शेतकऱ्याचं बियाणं उगवलं नाही. तो तक्रार घेऊन गेला, तर पाकिटावर एक लॉट आणि माझ्या बिलावर दुसरा. त्याच्या खऱ्या तक्रारीत माझ्या बिलानं खोडा घातला, हे मला अजून लागतं.

उधारीचंही तसंच. आपल्याकडे जूनची उधारी कापूस विकल्यावर येते. एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील निघतात, म्हणून वडिलांच्या नावानं आणि गावानुसार यादी निघते का, ते बघा.

पैसे देण्याआधी सगळी खाती एक्सेलमध्ये स्वतः बाहेर काढून बघा. माझी सॉफ्टवेअरची वर्गणी संपली त्या दिवशी उधारीची यादीच उघडेना. दुसऱ्या वर्षाची वर्गणी किती, नेट गेल्यावर बिल निघतं का, हे लेखी घ्या. विकणाऱ्यानं दिलेल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांवर विसंबू नका. ज्यानं एक खरीप त्यावर काढलाय असा दुकानदार स्वतः शोधा आणि जूनमध्ये सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन लागतो का, एवढंच त्याला विचारा.

घ्यायचंच ठरलं तर १ एप्रिलपासून सुरू करा, म्हणजे हंगामाआधी हात बसायला दोन महिने मिळतात. आणि पहिला जून संपेपर्यंत उधारीची वही सोबत चालू ठेवा.