कूपनावर ‘देणगी’ छापली म्हणून सोडत देणगी होत नाही

प्रश्न : आमच्या कबड्डी मंडळाला मॅट घ्यायची आहे. शंभर रुपयांचं कूपन, पहिलं बक्षीस मोटारसायकल, सोडत यात्रेच्या दिवशी. कूपनावर ‘देणगी मूल्य’ छापलं आणि धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढली, तर चालेल ना? – सचिव, मिरज तालुका

उत्तर : नाही चालणार. छापखान्यात ऑर्डर दिली असेल तर आजच थांबवा. कूपनावर काय छापलंय याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. पैसे घेतले, निकाल नशिबावर सोडला आणि बक्षीस ठेवलं, की झाली लॉटरी. 1998 च्या केंद्रीय कायद्याने ती राज्य सरकारांच्या हाती ठेवली आहे. सरकारची नसलेली किंवा सरकारने अधिकृत न केलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तिची जाहिरात केली तरी पाच हजारांपर्यंत दंड आहे, म्हणजे चौकातला फ्लेक्सही अंगाशी येऊ शकतो.

गणपतीला मंडळं धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41-क खाली जी परवानगी काढतात ती वर्गणी गोळा करण्याची असते, सोडतीची नव्हे. ‘शेजारच्या गावात दरवर्षी होतं, कोणी विचारत नाही’ हे मला प्रत्येक मंडळ ऐकवतं. विचारतात तेव्हा सही असते सचिवाची, हे लक्षात घ्या.

मार्ग आहे. वर्गणीची पावती वेगळी फाडा आणि सोडत खरोखर मोफत ठेवा. एक रुपयाही न देणाऱ्याला चिठ्ठी टाकता आली पाहिजे. बक्षीस एखाद्या दुकानदाराकडून मिळवा. पण दहा हजारांच्या वरच्या बक्षिसावर 30 टक्के कर भरल्याशिवाय ते देता येत नाही. ऐंशी हजारांची गाडी असेल तर चावी देण्याआधी चोवीस हजार भरायचे. ते विजेत्याकडून घ्यायचे की मंडळाने सोसायचे, हे आधीच जाहीर करा, नाहीतर स्टेजवरच भांडण.

प्रश्न : क्लबच्या वर्धापनदिनी महिला मंडळ पन्नास रुपये तिकिटाची हाउजी खेळवणार आहे. मदतीसाठीच आहे. – कराड

उत्तर : हाही नशिबाचाच खेळ, नंबर पुकारण्यात कसलं आलंय कौशल्य? हेतू चांगला म्हणून सूट मिळत नाही. तिकिटं फुकट वाटा, बक्षिसं क्लबने द्यावीत, आणि मदतपेटी दारात ठेवा.

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये क्रिकेट क्लबात आहे. तिथे रॅफलची, म्हणजे बक्षीस सोडतीची, तिकिटं उघड विकतात. मग आपल्याकडेच का नाही? – वाई

उत्तर : तिथला कायदाच तसा केलाय. 2005 च्या जुगार कायद्यात सेवाभावी संस्था आणि क्रीडा क्लबांच्या लॉटरीला वेगळी जागा आहे. लहान लॉटरीची नोंदणी स्थानिक परिषदेकडे करायची, एका सोडतीची विक्री 20 हजार पौंडांपर्यंत, आणि किमान 20 टक्के रक्कम सत्कार्याला. आकडा वाढला की जुगार आयोगाचा परवाना. असा दरवाजा आपल्याकडे असावा असं माझं मत आहे. नाहीतर छोटी मंडळं चोरून तेच करत राहणार. पण तो होईपर्यंत भाच्याच्या क्लबाची नक्कल करू नका.

प्रश्न : संघांकडून प्रवेश फी घेऊन क्रिकेट स्पर्धेची बक्षिसं देणं हा जुगार होतो का? आणि एक फँटसी अ‍ॅप (संघ निवडून पैसे लावायचा ऑनलाइन खेळ) जर्सी द्यायला तयार आहे. – विटा

उत्तर : खेळाडू आपल्या कौशल्यावर जिंकतात, तिथे प्रवेश फीत गैर काही नाही. मुंबईचा 1887 चा जुगार कायदाही निव्वळ कौशल्याचे खेळ वगळतो. मैदानाबाहेर कोणी पैजा घेत असेल तर मात्र तो जुगारच. बैलगाडा शर्यतीलाही हेच लागू.

जर्सी घेऊ नका. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. छातीवरचं नाव ही जाहिरातच.

प्रश्न : मग पैसा आणायचा कुठून? साखर कारखान्याकडे सीएसआर मागू का? – पलूस

उत्तर : कारखाना सहकारी असेल तर सीएसआरची, म्हणजे नफ्यातून समाजकामावर खर्च करण्याची, सक्ती त्याला नाही; ती कंपनी कायद्यातल्या मोठ्या कंपन्यांना आहे. कारखान्याकडे साधी देणगी मागा. सीएसआरसाठी कुपवाड, मिरज एमआयडीसीतल्या कंपन्या पाहा, ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे. मंडळ नोंदणीकृत हवं, प्राप्तिकर खात्याची 12-अ आणि 80-जी नोंदणी हवी, आणि सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेचा सीएसआर-1 फॉर्म भरलेला हवा. हे कागद जमवायला वेळ लागतो, म्हणून मॅटचं कोटेशन आणि लेखापरीक्षित हिशेब घेऊन मार्च उजाडायच्या आत जा.