मोबाइलवरच्या जाहिराती आणि आपली माहिती: वाचकांचे प्रश्न

मोबाइलबद्दल येणाऱ्या प्रश्नांत सध्या एकच सूर आहे: जाहिरातींनी जीव नकोसा केलाय. पण अर्ध्याअधिक पत्रांत दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते. जाहिरात डोळ्यांआड करणं हे एक काम, आणि आपली माहिती कुणाच्या हाती लागू न देणं हे दुसरं. पहिलं काम पटकन होतं. दुसऱ्याला चिकाटी लागते, आणि पहिल्याच्या नादात दुसरं बिघडवून घेणारे काही कमी नाहीत.

वडिलांच्या अँड्रॉइड फोनवर काही न करता अचानक स्क्रीनभर जाहिरात येते. कधी कधी तर फोन उघडतानाच. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारा. मारू का? (बार्शी)

थांबा. फॉरमॅट मारून फोटो आणि नंबर घालवून बसाल, आणि तेच अ‍ॅप पुन्हा टाकलंत की जाहिराती पुन्हा हजर. आधी चोर शोधा.

फोन उघडतानाच रंगीबेरंगी चित्र, बातमी किंवा खरेदीची ऑफर दिसत असेल, तर ती बहुधा कंपनीनेच लॉक स्क्रीनवर दिलेली ग्लान्स ही सोय असते. लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. शाओमी आणि रेडमीच्या फोनमध्ये कंपनीचं ‘एमएसए’ नावाचं जाहिरातींचं अ‍ॅपही असतं. सेटिंगच्या शोधपट्टीत ‘ऑथरायझेशन’ शोधून त्याची परवानगी काढता येते. काढताना फोन दहा सेकंद थांबायला लावतो आणि बऱ्याचदा वर ‘जमलं नाही’ असंही सांगतो. दोन-चारदा पिच्छा पुरवला की निमूट ऐकतो.

काम करता करता मध्येच जाहिरात उगवत असेल, तर ती बंद करायची घाई करू नका. ती समोर असतानाच अलीकडची अ‍ॅप दाखवणारं चौकोनी बटण दाबा. सगळ्यांत वर जे कार्ड येईल, त्यावर चोराचं नाव असतं. बहुतेक वेळा टॉर्च, क्लीनर, क्यूआर स्कॅनर, पीडीएफ रीडर असलंच काहीतरी निघतं. नाव कोरं असेल, तर सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या यादीत ‘स्पेशल अ‍ॅक्सेस’मध्ये जा आणि ‘डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स’ची परवानगी कुणाकुणाला आहे ते पाहा. टॉर्चला इतर अ‍ॅपच्या वर येऊन बसायचं काय कारण? ‘अनइन्स्टॉल’चं बटण फिकट दिसत असेल, तर त्या अ‍ॅपने ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’चा हक्क घेतलेला असतो. तो आधी काढून घ्या, मग अ‍ॅप उडवा.

आणि वरून खाली ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस’ अशा सूचना टपकत असतील, तर तो व्हायरस नव्हे. कुठल्यातरी साईटवर वडिलांनी ‘अलाऊ’ दाबलेलं आहे. क्रोमच्या साईट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी असते, तिथली अनोळखी नावं काढून टाका.

एक मात्र नक्की विचारा: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका, ई-चलान किंवा पीएम किसानच्या नावाची एपीके, म्हणजे थेट अ‍ॅप बसवणारी फाईल त्यांनी उघडली होती का? तसं असेल तर मामला जाहिरातींचा राहत नाही. फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. अशा वेळी फॉरमॅट जरूर मारा.

‘प्रायव्हेट डीएनएस’ बदललं की सगळ्या जाहिराती जातात म्हणे. बँकेच्या अ‍ॅपला धोका नाही ना? (ठाणे)

सगळ्या जात नाहीत, पण फुकटात आणि कुठलंही अ‍ॅप न टाकता यापेक्षा चांगला उपाय माझ्या माहितीत नाही. कुठल्याही साईटवर जाण्याआधी फोन त्या नावाचा आकडी पत्ता विचारून घेतो. पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. जाहिरातवाल्यांचे पत्ते सांगायचेच नाहीत, असं ठरवलेली डीएनएस सेवा लावली की जाहिरात फोनपर्यंत पोचतच नाही. तुमच्यावर पाळत ठेवणारे कित्येक सर्व्हरही त्याच चाळणीत अडकतात.

अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ही सोय फोनमध्येच आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस शोधा. सॅमसंगमध्ये ते ‘मोअर कनेक्शन सेटिंग्ज’च्या पोटात दडलंय. तिथला तिसरा पर्याय निवडून सेवेचं नाव टाकायचं. अ‍ॅडगार्ड किंवा मुलवाड या अशी सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अधिकृत साईटवर ते दिलेलं असतं. पुढे ‘एचटीटीपीएस’ वगैरे काही जोडू नका, आणि आकडी पत्ताही चालत नाही; ‘सेव्ह’ बटण उजळणारच नाही. गूगलचं किंवा क्लाउडफ्लेअरचं नेहमीचं डीएनएस जाहिराती अडवत नाही, हेही ध्यानात असू द्या.

गेम आणि बातम्यांच्या अ‍ॅपमधल्या जाहिराती यामुळे बऱ्याच कमी होतील. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्रामवरच्या मात्र तशाच राहतील, कारण तिथे मजकूर आणि जाहिरात एकाच घरातून येतात. पत्ता अडवला तर व्हिडिओही जाईल.

बँकेच्या अ‍ॅपचं म्हणाल, तर डीएनएस कंपनीला तुम्ही कुठल्या नावाच्या सर्व्हरकडे गेलात एवढं दिसतं. पासवर्ड, शिल्लक, व्यवहार दिसत नाहीत. पण ‘कुठे गेलात’ हेही काही थोडकं नाही. आजवर ते तुमच्या सिमकार्डवाल्या कंपनीला दिसत होतं, आता या नव्या कंपनीला दिसेल. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘जादूई डीएनएस’च्या वाटेला जाऊ नका.

दोन त्रास होतील, ते आधीच सांगतो. गूगलवर काही शोधलंत आणि सगळ्यांत वरच्या ‘स्पॉन्सर्ड’ दुव्यावर टिचकी मारलीत, तर पान उघडणार नाही. नेट गेलं असं वाटेल, पण खालच्या दुव्यावर जाऊन बघा. दुसरं, स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायचं लॉगिनचं पान कधी कधी येतच नाही. तेवढ्यापुरतं डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

वेबसाईट जास्त वाचत असाल तर जोडीला फायरफॉक्स हा ब्राउझर घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाका. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोय नाही, आणि गूगलची कमाई कशावर चालते ते पाहता त्यात नवल वाटायचं कारण नाही.

आयफोनमध्ये हे सगळं आपोआप होतं ना? (पुणे)

नाही. सफारीत जाहिराती अडवणारी अ‍ॅप जोडण्याची सोय २०१५ पासून आहे, पण ती सफारीपुरतीच. फोनभर डीएनएस बदलायला प्रोफाइल, म्हणजे सेटिंग बदलणारी छोटी फाईल, किंवा एखादं अ‍ॅप टाकावं लागतं. २०२१ पासून एखाद्या अ‍ॅपला इतर कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये तुमचा माग काढायचा असेल, तर आधी विचारावं लागतं. तो प्रश्नच ‘ट्रॅकिंग’च्या सेटिंगमधून कायमचा बंद करून टाका. मात्र त्या अ‍ॅपच्या आत तुम्ही काय करता, याची नोंद ते ठेवतंच.

जाऊबाईंशी मिक्सरबद्दल नुसतं बोलले, आणि संध्याकाळी मिक्सरच्या जाहिराती सुरू! फोन चोरून ऐकतो ना? (कोल्हापूर)

हा प्रश्न दर महिन्याला असतोच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. न विचारता आवाज टिपून बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. काही अ‍ॅप मात्र स्क्रीनची चित्रं तिसऱ्याच कंपनीला पाठवताना सापडली.

मग मिक्सर कुठून आला? जाऊबाईंनी तो आधी शोधला असेल. तुम्ही दोघी एकाच वायफायवर, एकाच ठिकाणी, एकमेकींच्या नंबरच्या यादीत. जाहिरातवाल्यांना बोलणं ऐकायची गरजच पडत नाही, आणि मला विचाराल तर हे ऐकण्यापेक्षा वाईट आहे. शिवाय दिवसभरात न जुळलेल्या पन्नास जाहिराती आपण विसरतो, जुळलेली एक लक्षात राहते.

तरी खात्री हवी असेल, तर अँड्रॉइड १२ पासून माइक किंवा कॅमेरा चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. त्यापेक्षा लोकेशनवर लक्ष ठेवा. ज्याला द्यायचंच, त्याला ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ एवढंच द्या, आणि हवामानाच्या अ‍ॅपला अचूक ठिकाण कशाला हवं? प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड्स’खाली ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ असतं, तेही दाबून मोकळे व्हा. वेगवेगळ्या अ‍ॅपमधली तुमची माहिती एकत्र बांधायला हाच आयडी वापरतात.

जाहिराती अडवणारं मोफत व्हीपीएन घेतलंय. आता मी सुरक्षित ना? (नाशिक)

उलट झालंय. व्हीपीएन लावलं म्हणजे तुमची इंटरनेटची सगळी वाहतूक तुम्ही एका अनोळखी कंपनीच्या दारातून नेताय. ओनाव्हो प्रोटेक्ट हे असंच मोफत व्हीपीएन होतं. ते बनवणारी कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली. नावात ‘प्रोटेक्ट’, आणि लोक कुठली अ‍ॅप किती वापरतात याची खबर फेसबुकला. अ‍ॅपलने हरकत घेतल्यावर २०१८ मध्ये ते अ‍ॅप स्टोअरवरून गेलं आणि पुढच्या वर्षी गाशाच गुंडाळला. अँटीव्हायरसवाल्या अवास्टलाही ग्राहकांचा ब्राउझिंगचा इतिहास विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड बसला. राखणदारच असे निघतात.

मोफत व्हीपीएन काढून टाका आणि वर सांगितलेलं डीएनएस लावा.

मुलगा मराठी साईट चालवतो, जाहिरातींवरच तिचा खर्च निघतो. तुम्ही सरसकट अडवा म्हणता, हे बरोबर आहे का? (सातारा)

सरसकट नको, मान्य. पण बातमीची दोन वाक्यं वाचायला चार खिडक्या बंद कराव्या लागत असतील, तर वाचकाने चाळणी लावली म्हणून त्याला बोल लावता येणार नाही. मी स्वतः आवडीच्या साईटवर यूब्लॉकचं निळं बटण बंद ठेवतो; त्या साईटपुरतं ते लक्षात राहतं. मुलाला सांगा, मजकुरावर येऊन बसणाऱ्या आणि आपोआप वाजणाऱ्या जाहिराती काढ आणि वाचकांना तशी विनंती कर. ऐकतात लोक.

आणि हे कर्जाचे, प्लॉटचे फोन? (नागपूर)

१९०९ वर ‘स्टार्ट ०’ हा एसएमएस इंग्रजी अक्षरांत पाठवा, म्हणजे सगळ्या प्रकारचे प्रचाराचे फोन आणि संदेश नको अशी नोंद होते. ओटीपी आणि बँकेचे व्यवहाराचे संदेश त्याने थांबत नाहीत. साध्या दहा आकडी नंबरवरून कुणी गळ्यात प्लॉट मारत असेल, तर नोंदणी केलेली नसली तरी तक्रार करता येते. त्यासाठी दूरसंचार नियामक ट्रायचं डीएनडी अ‍ॅप आहे. २०२५ च्या नव्या नियमांनुसार फोन आल्यापासून ७ दिवसांची मुदत मिळते, त्यामुळे नंबर कॉलच्या यादीतून लगेच पुसू नका.